आत्यानं ओटीपीवाल्याला गाव विचारलं

परवा मी इथं लिहिलं होतं की माझ्या भावानं रमीच्या अ‍ॅपवर फक्त मोबाईल नंबर दिलाय. ते चुकीचं होतं. त्यानं आधार कार्डाचा फोटोही पाठवलाय. हे आज दुपारी कळलं.

दादा गोठ्यात होता, म्हणून त्याचा फोन आत्यानं स्पीकरवर उचलला. शाळेत जाण्याआधी मला घरीच लिहायला-वाचायला शिकवलं ते हिनंच. पलीकडचा म्हणाला, "रमीत बक्षीस लागलंय, आलेला ओटीपी सांगा." आमचं दुधाचं बिल जमा होतं, त्या खात्याला हाच नंबर जोडलेला आहे.

आत्या शांत. "सांगतो की. पण पावणं, तुमचं गाव कुठलं?"

"मुंबई ऑफिसमधून बोलतोय."

"ऑफिस न्हवं, गाव. आडनाव काय? कुणाच्यातलं तुम्ही? आमच्या कोडोलीत कोण पै-पावणं हाय काय?"

"मॅडम, आमची माहिती देता येत नाही."

"व्हय? मग आमची कशाला मागतोस रं?"

त्यानं फोन ठेवला. दारात उभं राहून ऐकणाऱ्या दादानं मग आधारचं सांगून टाकलं.

एखादा सराईत चोर खोटं गावही सांगेल, हे मला कळतं. आत्या म्हणते, "सांगू दे की, ओटीपी कोण देतंय!" मी सुरक्षिततेचे एवढे व्हिडिओ बघितलेत, पण त्याला असं उलट विचारायचं मला सुचलं नसतं. तुमच्या घरी असं कोण आहे?

फोटो मात्र गेलाय. बँकेत कळवायला आणि सायबर पोलिसांत तक्रार द्यायला मी दादाला घेऊन उद्याच, सोमवारी जाणार आहे.