खराट्याची काडी

साखरा गावाच्या वाटेला लागून माझं कापसाचं रान आहे. एकदा औषध फवारताना पंपाचं नोझल तुंबलं. सवयीनं फुंकायला ते ओठांशी नेलं, तोच वाटेवरून कुणीतरी ओरडलं, "थांबा!"

तो अनोळखी माणूस धापा टाकत रानात आला. खिशातून खराट्याची काडी काढून त्यानं नोझल मोकळं केलं. मग चिमूटभर माती उडवून वारं पाहिलं आणि खांदे धरून मला वळवलं. "वारं पाठीवर घेत जा."

"काहून एवढी तकलीफ घेतली?"

"माझा भाऊ बी फुकायचा. तवा आमाला कोनी सांगितलं न्हाई."

काडी माझ्या खिशात खोचून तो निघून गेला.

आता फवारताना दिसेल त्याला मी काडी देतो. पण मी फुंकणं सोडलं, हे ज्याला सांगायचंय, तो त्या वाटेनं पुन्हा आलाच नाही.