चौदा मशीनांवरचा हात

मंजुषाचे पप्पा वाईट माणूस न्हाईत. हे आधीच सांगते, कारण पुढं माझ्या तोंडून काय काय निघंल त्याचा मलाच भरोसा न्हाई. दारू न्हाई, तंबाखू न्हाई, अठ्ठावीस वर्षांच्या संसारात माझ्यावर कवा हात उचलला न्हाई. अंबाजोगाईत त्यांना भागवतसर म्हणतेत. तसे ते सर बी न्हाईत, कॉलेजात प्रयोगशाळा सहायक हायेत. नाद एकच. टीव्ही, व्हीसीआर, कॅमेरे, त्यांच्या वायरी, आन् त्या सगळ्यावर लिहिलेली त्यांची वेबसाईट.

नाद लग्नाआधीचा. सिरसाळ्याला असताना कुणाचा तरी बंद पडलेला व्हीसीआर ह्यांनी उघडून चालू करून दिलता, तवापासून. मंजुषा झाली त्या साली सौदीहून आलेल्या एका माणसाकडून जुना व्हिडिओ कॅमेरा घेतला. पुढं घरात कॉम्प्युटर आला आन् २००८ ला वेबसाईट सुरू झाली, 'घरचा पडदा'. अस्सल मराठीत. कॅसेटला बुरशी आली तर कशी पुसायची, जुनं शूटिंग कॉम्प्युटरात कसं उतरवायचं, टीव्हीचे रंग कसे लावायचे. सतरा वर्षं एकट्यानं लिहिलं. आमच्या गल्लीत कुत्रं विचारत न्हाई, पण धुळ्याहून, सांगलीहून, पार अमेरिकेतल्या मराठी माणसाचा मेल येतो. 'सर, तुमच्यामुळं आमच्या आईची कॅसेट वाचली.' तो मेल हे मला भाकरी थापताना वाचून दाखवणार. मी "वा वा" म्हणायचे आन् भाकरी उलटायचे. ती वेबसाईट स्वतः उघडून मी एकदा बी बघितली न्हाई. मला ब्लाऊज शिवायचे असायचे, गिऱ्हाईक दारात उभं. बाहेरची खोली मशीनांनी भरली तवा हे झोपाया बी तिकडंच गेले, तरी मी काही बोलले न्हाई.

आता माझं ऐका. मंजुषा पोटात असताना माझ्या उजव्या मनगटावर पांढरा डाग उठला. डॉक्टरनं सांगितलं, कोड हाय, कुणाला लागत न्हाई, जिवाला काही होत न्हाई, घाबरू नका. डॉक्टरच्या बापाचं काय जातंय! आपल्याकडं कोड म्हणलं की नातीपर्यंत सोयरीक अडती. मी सगळ्यांना सांगितलं, तेल उडालं, भाजलं. जावांना तेच, माहेरी तेच. फुल बाहीचे ब्लाऊज शिवून घालाया लागले, भर मे महिन्यात बी. बायका म्हणायच्या, सुनिता लई फ्याशनवाली. म्हणा बाई. झाकली मूठ सव्वा लाखाची.

खरं फक्त ह्यांना ठाऊक होतं. तवा हे म्हणलते, "त्यात काय एवढं? मला तर तो डाग दिसत बी न्हाई." त्या एका वाक्यावर मी पंचवीस वर्षं काढली. खोटं कशाला बोलू, लई गोड वाटलं होतं ते.

मागच्या दिवाळीनंतर आसाराम भाऊजींनी, म्हंजे ह्यांच्या चुलतभावानं, मंजुषासाठी आष्टीकडचं स्थळ आणलं. मुलगा अमरसिंह पुण्यात नोकरीला. बाप विठ्ठलराव, भरपूर जमीन, पुढाऱ्यांत ऊठबस. आमची मंजुषा लातूरला एका लॅबमध्ये टेक्निशियन हाय, रक्त तपासती. बघणं झालं, पसंती झाली, पोरं फोनवर बोलाया लागली. सुट्टीला घरी आली की फोन वाजला रे वाजला, पोरगी गच्चीवर. तिला तसं एकटीच हसताना मी आधी कवा बघितलं नव्हतं.

आन् एका रविवारी आसाराम भाऊजींचा फोन आला. "वहिनी, राग मानू नका, एक विचारतो. तुमच्या हाताला कोड हाय का?"

माझ्या हातातली कात्री खाली पडली. "कोण म्हणलं?"

"भागवतच्याच वेबसाईटवर हाय म्हणं. आष्टीच्या पाव्हण्यांनी बघितलं."

मंजुषानं तिच्या मोबाईलवर उघडून दाखवलं. झालं असं होतं, की नवं मशीन घरात आलं, व्हीसीआर असो, प्लेअर असो, प्रोजेक्टर असो, की हे त्यावर तेच चाळीस सेकंदाचं शूटिंग लावून बघायचे. मंजुषाच्या उष्टावणाचं. सहा महिन्यांची पोर, लाल झबलं, माझ्या हिरव्या बांगड्या, चांदीची वाटी, आन् दहीभात भरवायचा म्हणून कोपरापर्यंत बाही सारलेला माझा हात. चौदा मशीनं, चौदा फोटो. प्रत्येकात माझ्या मनगटाकडं लाल बाण. खाली लिहिलेलं, 'मंजुषाच्या आईचा हात पाहा. पांढरा डाग आणि भोवतालची सावळी कातडी यांच्यातली कड स्वच्छ दिसली, तर मशीन चांगलं.' एका फोटोखाली होतं, 'या स्वस्तातल्या प्लेअरवर डाग पसरट दिसतो. घेऊ नये.'

मी ह्यांच्यापुढं मोबाईल आपटला. "कावून केलं वो असं? काय घोडं मारलं होतं मी तुमचं?"

हे खरंच गोंधळले. "अगं, त्यात लाल हाय, हिरवा हाय, चांदी हाय, कातडी हाय. अशी क्लिप कुठं मिळणार? आन् तुझं तोंड कुठं दिसतंय त्यात?"

"मंजुषाची आई असं लिहिलंय ते?"

"मंग काय लिहू? माहिती खरी द्यावी लागती."

कपाळावर हात मारून घेतला मी. ह्यांनी तिथंच बसून सगळे फोटो काढून टाकले, न्हाई म्हणत न्हाई. पण तोवर ते आष्टीत दहा जणांच्या मोबाईलवर पोचले होते.

तरी लग्न मोडलं नव्हतं, कारण मुलगा अडून बसला होता. विठ्ठलरावांनी स्वतः फोन केला. बायका भाजलं म्हणतेत, तर भाजल्याचा डाग वाढत न्हाई, कोड वाढतं. फोटोत हाय तेवढाच असंल तर आमचं काही म्हणणं न्हाई, आमी येऊन बघतो. ह्यांनी फोन हातात घेतला. मशीनबद्दल कुणी विचारलं की ह्यांचा आवाज कसा ठाम होतो, तसा झाला. "विठ्ठलराव, पंचवीस वर्षं मी तो डाग बघतोय. केसभर वाढलेला न्हाई. माझा शब्द हाय."

मी समोरच शिलाई मशीनवर बसले होते, बाही बोटांपर्यंत ओढून. तवाच सांगायचं होतं. न्हाई सांगितलं, ही माझी चूक, मान्य हाय. पण असा राग आला होता की जीभ उचललीच न्हाई. डाग दिसत न्हाई म्हणाला होता हा माणूस, मी ती माया समजले. आन् ह्याला तर तो रोज दिसत होता, फक्त माझ्या अंगावर न्हाई.

मंजुषानं मला सैपाकघरात ओढलं. "आई, पप्पांना खरंच ठाऊक न्हाई?"

मी मान हलवली. ती जरा वेळ ओट्याला टेकून रडली. मंग नाक पुसून म्हणाली, "येऊ दे त्यांना. दाखव. लपवून लग्न केलं तर पुढं किती वर्षं लपवत बसू?"

पुढच्या रविवारी विठ्ठलराव आले, त्यांची बायको छबुबाई आली, आसाराम भाऊजी आले. मुलगा आला न्हाई. चहा झाला. हे आपले निवांत, चेहऱ्यावर कसली म्हणून काळजी न्हाई. छबुबाई म्हणाल्या, "बघू द्या ताई."

मी बाहीचं बटण काढलं आन् बाही वर सारली. मनगट. कोपर. दंड. सगळा हात पांढरा, कोपराजवळ तेवढा रुपयाएवढा सावळा ठिपका राहिलाय. छबुबाईंनी कप खाली ठेवला.

आधी बोलले ते हेच. उठून जवळ आले, चष्मा सारखा केला आन् वाकून बघत म्हणाले, "अगं, हे कधी झालं?"

विठ्ठलराव उभे राहिले. "भागवतराव, बाईनं सख्ख्या नवऱ्याला पत्ता लागू दिला न्हाई. आमाला काय लागू देणार? येतो आमी." छबुबाईंनी माझ्याकडं बघितलं बी न्हाई. आसाराम भाऊजी चपला हातात घेऊनच मागं पळाले.

मी बाही खाली घेतली न्हाई. हे तिथंच उभे. "सांग की सुनिता, कधी झालं हे?"

मंजुषा कप गोळा करत होती. तिनं वर न बघताच सांगितलं, "कोपरापर्यंत मी बारावीला होते तवा. दंड माझ्या डिप्लोमाच्या साली. पाठ लॉकडाऊनमध्ये. तवा तर तुमी दोन महिने घरातच होता, पप्पा."