काळजात गेलंय

सवत कुत्रीच्या रूपाने घरात येते असं मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. माझी तशीच आलेली. नाव मैना, अंगाने तांबडी, पोटाला पांढरी, आणि दहा वर्षं मुक्काम आमच्या ह्यांच्या पायाशी.

हे म्हणजे कुंडलिक शेलार. कोलशेतच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं पत्र्याच्या प्रेसवर काढली आणि दोन्ही कान तिथेच ठेवून घरी आले. माणूस सरळ. दारू नाही, तंबाखू नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात. फक्त ऐकू येत नाही. डाव्या कानाशी तोंड नेऊन मी सावकाश बोलले तर तेवढं कळतं. बँकेत जा, लग्नाला जा, लोक मला सांगणार आणि मी ह्यांना. त्याचा मला तोरा होता, लपवू कशाला.

आणि ही मैनाबाई. कारखान्याच्या गेटवरून पिल्लू उचलून आणलेलं. हिला मधे माणूस लागत नाही. हे गळ्यावर हात ठेवतात, आणि भुंकतेय की कण्हतेय ते ह्यांना बरोब्बर कळतं. मला ताप आला तर संध्याकाळी विचारतील, "रंभा, झोपलीस का गं?" हिला नुसती शिंक आली की रिक्षा दारात. जळायचेच मी तिच्यावर.

शिमग्याच्या आदल्या आठवड्यात ती उठेचना. हिरड्या पांढऱ्याफटक, पोट टम्म. नौपाड्यात डॉक्टर शिवानींकडे नेली. त्यांनी सोनोग्राफी केली आणि मला म्हणाल्या, "पांथरीवर, म्हणजे स्प्लीनवर, मोठी गाठ आहे. ती फुटून पोटात रक्त उतरलंय. कॅन्सरची शंका आहे. लिव्हरमध्येही ठिपके दिसतायत. कॅन्सर पसरून आलेले असतील, नाहीतर म्हाताऱ्या कुत्र्यांना होतात तशा साध्या गाठीही असतील. सोनोग्राफीत दोन्ही सारखंच दिसतं. ऑपरेशन करून पांथरी काढू, लिव्हरचा तुकडा तपासायला पाठवू, मगच नक्की कळेल."

हे माझ्या तोंडाकडे बघत होते. हात मात्र तिच्या मानेवर, तो काही निघत नव्हता. मी कानाशी गेले आणि म्हणाले, "कॅन्सर. काळजात गेलंय."

लिव्हरला आम्ही काळीजच म्हणतो, मटणवाल्याकडेही तेच मागतो. शब्द चुकीचा नव्हता. पण काळजात गेलंय म्हटल्यावर माणूस पुढचं काय विचारणार? ते मला चांगलं ठाऊक होतं. बाकीचं मी गिळलं.

हे डॉक्टरांना म्हणाले, "हाल नकोत. इंजेक्शन देऊन मोकळी करा तिला."

डॉक्टर माझ्याकडे वळल्या. "तपासायचंच नाही? त्यांना सगळं सांगितलंत ना?" मी हो म्हणून मान हलवली. त्यांनी सहीचा कागद आणला. पेन हातात घेऊन ह्यांनी मला विचारलं, "दुखेल का गं तिला? नीट विचार. तू सांगशील ते खरं."

मेलं, तिथे माझं घोडं अडलं. कुत्रीची दया आली असं मी म्हणणार नाही. पण ते वाक्य मला झेपेना. पुन्हा कानाशी वाकले आणि सगळं ओकले, साध्या गाठींचं, तुकड्याचं, मुद्दाम गिळलेलं. ह्यांनी कागद सही न करता परत दिला. ऑपरेशन करा, म्हणाले.

त्याच दुपारी ऑपरेशन झालं. मैना तीन दिवसांनी घरी आली. पुढे रिपोर्ट घ्यायला आम्ही दोघं नौपाड्याला गेलो. रिक्षातून उतरल्यावर ह्यांनी खिशातून डबी काढली आणि कानात यंत्र घातलं. आमची रचना सात वर्षं यंत्रासाठी बापाच्या मागे लागलेली. तेव्हा हे म्हणायचे, "रंभा आहे की." आता एकटेच जाऊन घेऊन आलेले.

डॉक्टर म्हणाल्या, "पांथरीतली गाठ कॅन्सरचीच होती. लिव्हरमधल्या मात्र साध्या निघाल्या, तिथे पसरलेलं नाही. काही महिने तरी चांगले जातील."

मी सवयीने डाव्या कानाकडे वाकले.

"ऐकलं मी," हे म्हणाले.