शिल्लक परत करणारा

आमचे साहेब इंग्रज. हाँगकाँगच्या सरकारी खजिन्यात त्यांनी उमर घालवली. वसाहतीत कर किती येणार, कुठल्या खात्याला किती द्यायचं, हे ते बघायचे. वसाहत चीनकडे गेली आणि साहेब दुबईत आमच्या कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत आले. कंपनीही तशीच चालवली. जानेवारीत प्रत्येक खात्याला मंजूर रक्कम, त्याबाहेर एक दिरहम नाही.

एम.कॉम.ला माझा हाच विषय. इंग्रजी अमलातली अंदाजपत्रकं मला तोंडपाठ. माझ्याआधी घरात कॉलेजची पायरी कुणी चढलेलं नव्हतं. वडील बाजार समितीत हमाल. म्हणून फायनान्स मॅनेजरची जागा निघाली तेव्हा ती मी माझीच धरली. दुसरा उमेदवार खोर फक्कान बंदरावरचं कंपनीचं गोदाम बघणारा, साधा बी.कॉम., तोही सेकंड क्लास. पण त्याचे आजोबा ब्रिटिशांच्या ट्रेझरीत कारकून. साहेब त्याला चहाला बोलावून आजोबांच्या गोष्टी विचारायचे. काचेपलीकडून ते बघताना माझं पित्त खवळायचं.

मजुरांच्या राहण्याचा लेबर कॅम्प माझ्याकडे होता. डिसेंबरात त्याच्या खात्यात चाळीस हजार दिरहम उरले. पावणेपाच लाख रुपये! गावाकडे मार्चअखेरची धावपळ मी बघितलेली : उरले ते गेले, वर पुढच्या वर्षी कपात. पंधरवड्यात रंगरंगोटी करून, नव्या गाद्या घेऊन पैसे खलास केले.

"मास्तर, जुन्या गाद्या फाटल्या होत्या काय?" गोदामवाल्याने फोनवर विचारलं. माझ्या एम.कॉम.वरून तो मला मास्तरच म्हणायचा.

"तुला काय करायचंय?"

त्याने स्वतःची शिल्लक परत पाठवली, वर कारणाची चिठ्ठी लावून.

साहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, "वर्षाअखेर खर्चासाठी धावत सुटणाऱ्या खात्याला हाँगकाँगात मी आधी कात्री लावायचो. परत करणाऱ्याच्या आकड्यांवर माझा विश्वास बसायचा."

परीक्षेत याच मुद्द्यावर मी सहा पानं लिहिली होती.

जागा त्याला मिळाली. करामा भागातल्या खानावळीत थाळी खाताना मी त्याला विचारलं, "परत करायचं तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? घरात जेवताना आजोबा हेच बोलायचे." पोळीचा घास मोडत तो म्हणाला, "मास्तर, असिस्टंट म्हणून तूच ये. तुझी ती अंदाजपत्रकांची पुस्तकं मी कुठं वाचलीत?"

पगार वाढणार होता. तरी मी नाही म्हणालो. मुलीच्या शाळेचं कारण दिलं. तिची शाळा ऑफिसच्या मागच्याच गल्लीत होती, हे त्यालाही माहीत होतं. त्याने माझ्या वाटीत आमटी वाढली.