अठराव्या मजल्यावरचं पिंप

आगीला भिणारे पुष्कळ पाहिले, पण ती लागायच्या आधीच तिच्या स्वागताला बसलेला माणूस मी जन्मात एकच पाहिला. तो माझा मेहुणा. नायगावची चाळ सोडून आम्ही नव्या टॉवरात आलो तेव्हा लोकांनी आधी देव आत नेले, याने निळं पिंप नेलं. चाळीत दाराशी असायचं तेच, ते काठोकाठ भरून अठराव्या मजल्यावर दाराबाहेर ठेवलं. मी त्याच्याच शेजारच्या खोलीत, म्हणजे आता फ्लॅटात. म्हटलं, अरे, इथे चोवीस तास पाणी आहे. तर म्हणतो, "नळाला आहे, भावजी. जिन्याजवळच्या त्या लाल पेटीत आहे का बघा."

बघितलं. पेटीत पाइपच्या जागी झाडूवालीचा झाडू. वरचं चाक फिरवलं तर खोकल्यासारखा आवाज आला आणि एक झुरळ घाईघाईने बाहेर पडलं. मेहुण्याचा चेहरा असा उजळला, जणू पोराचा निकाल लागला. पण त्याच्या जिवाला घोर होता तो खराच. वहिनीचे, म्हणजे त्याच्या बायकोचे, गुडघे गेलेले. आगीत लिफ्ट बंद करतात हे त्याने कुठेसं वाचलं होतं, तेव्हापासून तो जिन्याच्या पायऱ्या मोजत असायचा.

मग इस्त्रीचा सदरा घालून, मला बरोबर घेऊन तो फिरला. बिल्डरचा माणूस म्हणाला, इमारत तुमच्या ताब्यात दिली, आता सोसायटीने बघायचं. सेक्रेटरी म्हणाले, ताबा कसला, कागद अजून बिल्डरकडेच आहेत. पाइपवाला म्हणाला, पाइप माझा, पाणी पंपवाल्याचं. सरकारी कचेरीत तर आगीच्या बंदोबस्ताचा दाखला दाखवला, त्यावर पेटीत पाणी होतं. मी चौथी शिकलेला, पण उभा जन्म गिरणीत काढलाय, मला कोणी उल्लू बनवत नाही. तरी खरं सांगतो, एकेकाचं ऐकलं की पटायचं, चौघांचं मिळून काही कळायचं नाही. गिरणीत आगीची वाळूची बादली रिकामी दिसली तर मुकादमाला धरायचं, संपलं. इथे मुकादम कोण, हेच सापडेना.

सापडली ती नोटीस. आगीच्या वेळी वाटेत अडथळा होतो, सबब पिंप आठ दिवसांत हटवावे. मेहुण्याने ती तीनदा मोठ्याने वाचली आणि पिंपालाच चिकटवली. मी म्हटलं, नियम तो नियम, काढ ते. मी एकदा बोललो की मागे हटत नाही. तो आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

नवव्या दिवशी दुपारी त्यानेच हाक मारली. बघतो तर वेताच्या खुर्चीला दोन बांबू बांधलेले. चाळीचा गणपती दर वर्षी आम्ही दोघंच तीन मजले उतरवायचो, तो पुढे, मी मागे. तसंच वहिनीला न्यायचं, म्हणे, तालीम करू. वहिनी बसता बसता म्हणाली, "बुडवायला नेताय की काय मला?"

वळणावर बांबू अडकले. दोन मजले उतरलो आणि दोघंही पायरीवर बसलो. सोळा उरले होते. मग वहिनीच हळूच म्हणाली, "तसं काही झालं तर तुम्ही दोघं उतरा. मी बसते पिंपापाशी."

मेहुणा बांबूची गाठ सोडत बसला. सुटलेलीच होती ती.

त्या संध्याकाळी मी माझ्या घरचं पिंप भरून त्याच्या पिंपाशेजारी ठेवलं. आता माझ्याही नावाची नोटीस आली आहे. मला वाचता येतं, पण मी वाचली नाही. लाल पेटीत अजून झाडूच आहे आणि कोणाला धरायचं ते अजून कळलेलं नाही. मेहुणा रोज सकाळी दोन्ही पिंपांत डोकावतो, मग माझ्या दाराशी येतो. आयुष्यात ज्याने कधी माझी तब्येत विचारली नाही, तो आता न चुकता विचारतो, "भावजी, गुडघे बरे आहेत ना तुमचे?"

मी बरे आहेत म्हणतो.