जाळ्यावरची चादर

ताई गेल्याचं समजलं तेव्हा मी चुलीपाशी होती. घरवाला तलावावरून ओल्याच कपड्यानं आला, हातात मोबाईल, अन् दारातच खाली बसला... "मस्कतवरून फोन होता, ताईच्या हापिसातून," एवढंच बोलला. कामावरच तिच्या छातीत दुखलं, दवाखान्यात नेईपर्यंत सारं संपलं होतं. चाळिशीही नव्हती झाली. मंग नागपूरच्या विमानतळावर पेटी आली... ते मी लिहू नाही शकत. आता महिना होत आला.

प्रतिभाताई माझी नणंद, घरवाल्याची मोठी बहीण. आमचं गाव बोदलकसा तलावापाशी. घरचे मासोळी धरतेत, सासू तिरोड्याच्या बजारात विकते, अन् ताईही शाळेपासून सासूसंगं टोपलं घेऊन बसे. तिथून ती नागपूरले गेली, एमबीए केलं, अन् मस्कतले मासोळी देशोदेशी पाठवणाऱ्या कंपनीत लागली. मी नववीतच शाळा सोडलेली. माहेर बिरसीकडलं, धानाचं, म्हणून लग्न होऊन आली तेव्हा मले घरातल्या वासाची लाज वाटे अन् ताईची भीती. एवढी शिकलेली बाई, आपल्यासंगं काय बोलन? तर ती सुट्टीत आली, पावशी घेतली अन् माझ्या बाजूले बसून मासोळी चिरायले लागली.

मी भीत भीत विचारलं, "ताई, एमबीए म्हणजे काय असते जी?"

"आई बजारात करते ना, तेच. फक्त इंग्रजीत."

"मंग शिकायले कायले गेल्या?"

"अवं, कागद नसला त दारातच अडवतेत. पण कागद त सगळ्यांपाशीच रायते, शीतल. आत गेल्यावर तुझ्यापाशी अजून काय आहे, ते पाह्यतेत."

नोकरीच्या मुलाखतीत तिले घरचं विचारलं त तिनं सरळ सांगतलं, मासोळी विकतो. अन् मंग बजार उठायच्या वक्ताले उरलेल्या मासोळीचं काय करायचं, कोणत्या गिऱ्हाइकाशी भाव करायचा अन् कोणाले हात जोडायचे, तेच सांगत बसली म्हणे. मी म्हटलं, समुद्राची मासोळी त वेगळी असते न ताई? त म्हणे, "मासोळी वेगळी. गिऱ्हाईक तेच." तिथं जाऊन ती अरबी शिकली, मल्याळीही थोडी. आपल्याकडचं लेकरू हिंदी, पोवारी, छत्तीसगढी ऐकतच मोठं होते, त्यात अजून एक आली त काय जड आहे, असं म्हणे... अन् माझ्या पोरीले अंगणवाडीत नेलं का बाया मले विचारत, त मी "नणंद परदेशात मोठ्या हापिसात आहे" एवढंच सांगो. कायचं हापिस ते सांगतच नव्हती.

मागच्या आठवड्यात तिच्या हापिसातून निरोप आला, व्हिडिओवर शोकसभा आहे, घरच्या कोणीतरी दोन शब्द बोला. घरवाला म्हणे, "तू बोल, तू शिकलेली."

"नववी म्हणजे शिकलेली होय का?"

"माझ्याहून त जास्त ना!"

मी नाहीच म्हणून राहिली होती. पण सासू म्हणाली, "बोल न वं माय. माझ्या पोरीबद्दल बोलाले घरचं कोणीच नाही, असं नको व्हायले." मंग काय करता.

सभेच्या दिवशी मी अंगण सारवलं, पोरीले नवा फ्राक घातला. मोबाईलसमोर बसलो का आमच्या मागं येणाऱ्या भिंतीवर ओलं जाळं टांगलं होतं, त्याच्यावर लग्नातली नवी चादर टाकली. उदबत्तीही लावली... मोबाईलमधून मासोळीचा वास जाते का, पण मी लावली.

समोर एवढाली तोंडं. केरळचा साहेब, फिलिपिन्सची एक पोरगी, अजून कोण कोण. ते इंग्रजीत बोलत होते, मले फक्त "प्रतिभा, प्रतिभा" समजे. मंग साहेबानं हिंदीत विचारलं, "भाभी, प्रतिभा गाँव से मीटिंग करती थी तो पीछे जाल दिखता था. अब नहीं है क्या?"

माझे कान तापले. ताई तिथंच बसे, जाळ्यासमोर, साऱ्या जगाशी बोले... अन् मी तिच्याच शोकसभेत ते झाकलं होतं. मी हाललीच नाही. सासू उठली, चादर काढली अन् घडी करून मांडीवर घेऊन बसली. ती फिलिपिन्सची पोरगी जाळं पाहून रडायले लागली.

मंग माझी पाळी. पाठ केलेली हिंदी कुठं गेली काय माहीत. कडेवर माझी पोरगी रडून राहिली, मी आपल्याच बोलीत म्हटलं, "ताई मासोळीचे खवले पाण्यात बुडवूनच काढे... म्हणे, अंगावर उडत नाही. मले तिनंच शिकवलं." बस. ताईनं एवढं नाव केलं अन् मी खवल्यावर बोलली. मान वर करायची हिंमत नव्हती.

सभा संपता संपता ती फिलिपिन्सची पोरगी तोंड मोबाईलजवळ आणून एकेक अक्षर तोडून म्हणाली, "जेवली का?" तिच्या मागून साहेब, "जेवली का?" मंग अजून कोणी. प्रतिभा रोज हापिसात आली का सगळ्यांले हेच विचारे, म्हणे साहेब.

मी घाबरून "हो" म्हटलं. सासूनं कोपरानं ढोसलं, "खोटं कायले बोलते वं? सकाळपासून नुसता चहा पेली." अन् ती स्वतः मोबाईलपुढं सरकली, पदर सारखा केला, महिनाभरानं पहिल्यांदा आवाज मोकळा करून विचारलं, "तुमी जेवले का जी?"

त एकेक जण सांगू लागला, आपापल्या भाषेत, काय जेवला ते. काही समजत नव्हतं. सासू मात्र प्रत्येकाले "हो का, हो का" म्हणत राहिली.