टोरांटोचे तास

कोंडोट्टीच्या बीरानिक्कांना जवळच्या करिपूर विमानतळावरून सुटणाऱ्या यच्चयावत विमानांचे तास तोंडपाठ. तीस वर्षं तिकिटांच्या दुकानात गेली, पण स्वतः कधी विमानात बसले नाहीत. लोक "जमिनीवरचा पायलट" म्हणून चिडवायचे. पण गावात कुणी वारलं की तीच माणसं त्यांच्याकडे धावायची. "इक्का, पोरगा मातीला पोहोचेल का हो?"

"जेद्दा? चार हजार किलोमीटर, साडेपाच तास. थांबा." नाहीतर, "नाही जमायचं. उचला."

मय्यत संध्याकाळच्या नमाजापलीकडे ठेवायची नाही, हा दंडक त्यांचाच. कदियुम्माचा मुलगा बापाच्या मातीला दोन तास उशिरा पोहोचणार होता, तरी ते बधले नव्हते.

त्या पहाटे त्यांची बायको बिय्यातू गेली. मुलगा अनस टोरांटोला.

माणसं अंगणात जमली, पण विचारायला कुणाची जीभ रेटेना. शेवटी कदियुम्माच पुढे आली. "इक्का, अनस किती तासांवर?"

"साडेतेरा हजार किलोमीटर. विमान बदलणं धरून सव्वीस तास."

"मग ठेवा की उद्यापर्यंत. माझ्या पोरासारखं नको व्हायला कुणाचं."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. इक्कांनी डोळे मिटून दोहावरून मोजलं, दुबईवरून मोजलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपला आकडा चुकावा असं वाटत होतं, आणि तो चुकत नव्हता.

फोन वाजला. "उप्पा, विमानतळावर निघालोय. उम्माला थांबवा."

"ये बाबा, ये," इक्का म्हणाले. फोन ठेवून ते माणसांकडे वळले.

"उचला."